मज्जाधातू आणि जाहिरातीचा मोह

पीटीबीपी१ हे प्रथिन घटविले की मेंदूतील आधारपेशींपासून (ग्लिया) चेतापेशी बनतात, असा दावा २०२० मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून झाला. २०२१ मध्ये डॅलस येथील संशोधकांनी पेशींचे मूळ तपासले; त्या ‘नव्या’ चेतापेशी आधीच्याच निघाल्या, ओळखखूण तेवढी चुकून त्यांच्यावर उमटली होती. सुसज्ज प्रयोगशाळाही जेथे चकल्या, तेथे सातपूरच्या कामगारास ‘मज्जातंतू नव्याने घडविणारे’ औषध आम्ही कोणत्या आधारे विकावे? पक्षाघात बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्यानेही निषिद्ध आहे. वैद्यबंधूंनी स्नेहन, स्वेदन, बस्ती यांचे फळ रुग्णाच्या चालण्याबोलण्यातून प्रामाणिकपणे नोंदवावे. औषधविक्रेत्यांनी तसे फलक उतरवावेत. शास्त्राची प्रतिष्ठा यातच आहे.