शिव्या कोणाच्या, नफा कोणाचा?

जत्रांचा हंगाम सुरू झाला की गारगोटीच्या बाजारपेठेपासून भुदरगड तालुक्यातील वाड्यावस्त्यांपर्यंत डॉल्बीच्या भिंती उभ्या राहतात. या भिंतींतून, वडापच्या गाड्यांतून आणि तरुणांच्या मोबाइलमधून अलीकडे रॅप ऐकू येते. त्यातील पुष्कळ गाण्यांत स्त्री ही एकतर गाडी आणि सोनसाखळी यांच्या जोडीने मिरवावयाची वस्तू असते, नाहीतर प्रतिस्पर्ध्याला हासडलेल्या शिवीतील आई किंवा बहीण. यावर गावात दोन प्रतिक्रिया उमटतात. पोरे बिघडली, बंदी घाला, ही पहिली. गाणेच तर आहे, सोडून द्या, ही दुसरी. दोन्ही प्रतिक्रिया मूळ प्रश्नाला बगल देतात.

रॅपचा जन्म श्रीमंतांच्या दिवाणखान्यात झालेला नाही. १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील कृष्णवर्णीय आणि लॅटिन वस्त्यांतून ते पुढे आले. १९८२ च्या 'द मेसेज' या गाण्याने पडक्या घरांचे आणि बेकारीचे वास्तव जगापुढे मांडले. पुढे ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी या संगीतात बाजारपेठ हेरली, आणि दारिद्र्याच्या तक्रारीपेक्षा बंदूक, पैसा व स्त्रीदेहाची शेखी अधिक खपते, असा हिशेब मांडला गेला. १९९० नंतर अमेरिकेत यावर वादळ उठले, तेव्हा कृष्णवर्णीय विचारवंत बेल हुक्स यांनी नेमके बोट ठेवले: या गाण्यांतील स्त्रीद्वेष कृष्णवर्णीय तरुणांनी शोधून काढलेला नाही, प्रस्थापित पुरुषसत्ताक, भांडवली समाजाच्या मूल्यांचेच ते प्रतिबिंब आहे. मात्र यामुळे गायकाची जबाबदारी संपते, असे त्यांनी म्हटले नाही.

हा युक्तिवाद महाराष्ट्राला तंतोतंत लागू पडतो. आई-बहिणीवरून दिलेली शिवी रॅपने आणलेली नाही. ती चावडीवर होती, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होती, निवडणुकीच्या भांडणात होती. आणि स्त्रीचे विकृत चित्र रंगविण्याचे काम तर सभ्य समजल्या जाणाऱ्या करमणुकीने फार आधीपासून केले आहे. १९७२ च्या 'पिंजरा' या चित्रपटात नीतिमान गुरुजींचा तमासगिरिणीच्या पायी अधःपात होतो. मराठी मातीतील म्हणून गौरविलेल्या या कथेचे मूळ १९३० च्या 'द ब्लू एंजल' या जर्मन चित्रपटात आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पुरुषाच्या घसरणीचा दोष नाचणारीच्या माथी मारण्याची सोय सर्वच देशांतील प्रतिष्ठितांना हवी असते. पडद्याबाहेर मात्र तमाशातील स्त्रिया प्रामुख्याने दलित आणि कोल्हाटी समाजातून आलेल्या कष्टकरी होत्या. विठाबाई नारायणगावकरांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, पण अखेरचे दिवस त्यांना विपन्नावस्थेतच काढावे लागले. शैलजा पाईक यांनी २०२२ च्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे की 'अश्लील' हा शिक्का जातीच्या उतरंडीनुसार मारला जातो.

म्हणून बंदीची मागणी करणाऱ्यांनी डान्सबारचा इतिहास आठवावा. २००५ साली महाराष्ट्र शासनाने डान्सबार बंद केले. तारांकित हॉटेलांना मात्र सूट दिली. श्रीमंताच्या करमणुकीने नीती ढळत नाही, असाच त्याचा अर्थ. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय कायम केला. मधल्या आठ वर्षांत हजारो स्त्रियांची रोजीरोटी गेली. त्यांच्या पुनर्वसनाची जबाबदारी कोणीही पुरी केली नाही. स्त्रीच्या प्रतिष्ठेच्या नावाने झालेल्या कारवाईची किंमत स्त्रियांनीच मोजली.

बाजाराची नीतीही पाहण्यासारखी आहे. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या सामूहिक बलात्कारानंतर रॅपगायक हनी सिंग याच्या नावावर असलेल्या गाण्यांविरुद्ध संताप उसळला. वादातील एका गाण्याचे कर्तृत्व त्याने नाकारले. तरी नववर्षाच्या आदल्या रात्रीचा त्याचा गुडगावातील कार्यक्रम रद्द झाला. पण ऑगस्ट २०१३ मध्ये हिंदीतील एका बड्या चित्रपटाबरोबर त्याचे गाणे देशभर वाजत होते. संताप काही महिन्यांचा, नफा बारमाही. आज तर गाणे किती वेळा पाहिले गेले यावर जाहिरातीचे उत्पन्न ठरते. शिवीने गर्दी जमते, गर्दीने जाहिरात मिळते, आणि त्यातील वाटा व्यासपीठाच्या मालकाकडेही जातो. झोपडपट्टीतील तरुण आपली भाषा विकतो. त्याच वस्तीतील तरुणी त्या भाषेचा मार खाते.

रॅप हा वंचितांचा आवाज आहे, त्यावर टीका करणे हे पांढरपेशांचे सोवळे आहे, असेही म्हटले जाते. यात तथ्य आहे, परंतु ते अर्धेच. वंचितांमध्ये स्त्रियाही येतात. १९९३ मध्ये क्वीन लतीफाने रॅपमधूनच पुरुष रॅपगायकांना जाब विचारला. महाराष्ट्रात महादेव कोळी समाजातील माही जी ही तरुणी याच प्रकारातून आदिवासींची दुःखे मांडते. दोष प्रकारात नाही. त्याची सूत्रे कोणाच्या हाती आहेत आणि ऐकणारा काय मागतो, यात आहे.

ऐकणाऱ्याची मागणी गावातच बदलता येते. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवाप्रथेविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने तो कित्ता सर्व ग्रामपंचायतींपुढे ठेवला. नोव्हेंबर २०२४ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातील सौंदाळा गावाने आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्यास ५०० रुपये दंड करण्याचे ठरविले. दंडाने मन बदलत नाही हे खरे; पण शिवी ही स्त्रीवरील हिंसा आहे, हे गावाने सभेत मान्य करणे ही लहान गोष्ट नव्हे.

भुदरगडमधील कार्यकर्त्यांपुढे यातून ठोस काम उभे राहते. जत्रेची वर्गणी प्रत्येक घरातून गोळा होते, परंतु ती कशावर खर्च करावी हे ठरविताना बाया नसतात. जत्रा समितीत निम्म्या जागा स्त्रियांना मिळाव्यात, तिचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा आणि नाचणाऱ्या कलावंत स्त्रियांचे मानधन व सुरक्षितता आधी लेखी ठरावी, या तीन मागण्या कोणत्याही गावात मांडता येतील. त्यांना पोलीस लागत नाहीत, चिकाटी लागते.

१९५२ साली जे. पी. नाईक यांनी गारगोटीत मौनी विद्यापीठाची उभारणी केली, ती खेड्यातील शिक्षण खेड्यातच घडावे म्हणून. आज आसपासच्या गावांतील मुली शिक्षणासाठी गारगोटीला येतात. रस्त्यावरचे वातावरण बिघडले की गाणे बंद होत नाही, मुलीचे कॉलेज बंद होते. तेव्हा या प्रश्नाला अभिरुचीचा वाद समजून बाजूला सारणे परवडणारे नाही. तो मुलींच्या शिक्षणाचा, श्रमाचा आणि मोकळेपणाने रस्त्यावर चालण्याच्या हक्काचा प्रश्न आहे.