अर्ध्या कानाचे कल्याणकारी राज्य

दरवर्षी ३ डिसेंबर उजाडला की जिल्ह्याजिल्ह्यांतून दिव्यांग दिनाचे मांडव पडतात. कर्णबधिर मुलांना ओळीने उभे करून त्यांच्या कानांत श्रवणयंत्रे बसविली जातात, लोकप्रतिनिधींची छायाचित्रे निघतात आणि शासनाने आपले कर्तव्य पार पाडल्याची नोंद दप्तरात होते. श्रवणयंत्रे वाटू नयेत असे म्हणण्याचा करंटेपणा कोणी करणार नाही. ती त्या मुलांच्या हक्काचीच आहेत. परंतु त्याच मांडवात व्यासपीठाच्या दोन पायऱ्या चढताना एखाद्या मुलाचा तोल जातो, शिक्षक ओशाळून त्याला दंडाला धरून वर नेतात, आणि ‘पोर जरा धांदरट आहे’ या शेऱ्यावर त्याची वासलात लागते.

ते पोर धांदरट नाही. कान हे केवळ ऐकण्याचे इंद्रिय नव्हे. अंतर्कर्णात ध्वनी टिपणाऱ्या शंखाकृती नलिकेला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन सूक्ष्म पिशव्या असतात. डोके कोणीकडे वळले, शरीर कोणीकडे कलले, याची वार्ता त्या क्षणोक्षणी मेंदूला देत असतात. ऐकणे आणि तोल ही एकाच घरातली दोन बिऱ्हाडे आहेत. एकाला आग लागली की दुसऱ्याला पुष्कळदा झळ पोचते. मेंदूच्या आवरणाचा दाह, गर्भावस्थेतील काही विषाणूंचा संसर्ग, काही आनुवंशिक दोष, जेंटामायसिन-स्ट्रेप्टोमायसिनसारखी प्राण वाचविणारी परंतु कानाला घातक ठरू शकणारी औषधे, ही सारी कारणे दोन्ही बिऱ्हाडांत शिरू शकतात. म्हणूनच अंतर्कर्णाच्या बिघाडामुळे तीव्र बहिरेपण आलेल्या मुलांपैकी फार मोठ्या हिश्श्यात, कित्येक पाहण्यांनुसार निम्म्यांच्या आसपास मुलांत, तोलाचाही कमीअधिक दोष आढळतो.

असे मूल मान उशिरा धरते, उशिरा बसते, दीड वर्ष उलटले तरी चालत नाही. पुढे डोळ्यांच्या आणि पावलांच्या आधाराने ते दिवसाउजेडी निभावून नेते. परंतु तिन्हीसांजेला, वाळूत, नांगरलेल्या रानात वा शेताच्या बांधावर ते पडते. डोके हलताच त्याला समोरची अक्षरे अस्थिर दिसतात. सर्वांत भयंकर प्रसंग पाण्यातला. तेथे पायाखाली जमीन नसते, गढूळ पाण्यात डोळे निकामी होतात, आणि वर कोणीकडे व खाली कोणीकडे हेच त्या मुलाला कळेनासे होते. विहिरी आणि डोहांच्या आपल्या मुलुखात हा प्रश्न थेट जीविताचा आहे.

हे ज्ञान काल-परवाचे आहे काय? १८८२ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी ५१९ कर्णबधिरांना गरगर फिरवून पाहिले. त्यांतील १८६ जणांना मुळीच भोवळ आली नाही. याच इंद्रियावरील संशोधनासाठी रॉबर्ट बारानी यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५८ सालापासून अमेरिकेच्या नौदलाने आणि पुढे नासाने गॅलॉडेट महाविद्यालयातील ११ बधिर पुरुषांवर दशकभर प्रयोग केले. त्यांचे तोलाचे इंद्रिय निकामी असल्याने त्यांना प्रवासाची मळमळ होत नसे, आणि अंतराळवीरांची मळमळ समजून घेण्यासाठी तीच माणसे उपयोगी होती. अवकाशात माणूस धाडण्याची निकड निर्माण होताच बधिरांचा तोल सत्तेच्या ध्यानात आला. पायरीवर अडखळणाऱ्या मुलासाठी तो अद्याप ध्यानात येत नाही.

आपल्याकडचे चित्र पाहा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य दिव्यांगत्वांची संख्या ७ वरून २१ वर नेली, ही गोष्ट स्वागतार्हच. पण कर्णबधिराची त्यातील व्याख्या डेसिबलची. दोन्ही कानांत ७० डेसिबलची हानी म्हणजे बधिर, ६० ते ७० म्हणजे ऊनश्राव्य. तोल हा शब्द त्या २१ नावांत नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत श्रवणदोष एका ओळीत आणि हालचालींतील विकासाचा विलंब दुसऱ्या ओळीत आहे. दोन्ही ओळींवर खूण झालेले मूल एकच असते आणि पुष्कळदा कारणही एकच असते, ही गाठ घालणे मात्र कोणाचेच काम नाही.

यावर ठरीव आक्षेप येईल : गरीब देशाला ही चैन परवडेल काय? आधी ऐकू तर येऊ द्या! या युक्तिवादाइतका पोकळ युक्तिवाद दुसरा नसेल. मूल कितव्या महिन्यात चालले हे आईला विचारायला, चारपाच वर्षांच्या मुलाला डोळे मिटून एका पायावर काही क्षण उभे राहायला सांगायला किती खर्च येतो? एवढ्याने निदान होत नाही हे खरे. पण तज्ज्ञाकडे कोणाला धाडावे हे कळते. उपायही महागडा नाही. योग्य व्यायामांनी मेंदू डोळ्यांच्या आणि सांध्यांच्या संवेदनांवर अधिक विसंबायला शिकतो. शिवाय जन्मतः बधिर मूल फार उशिरा चालू लागले तर त्याचे डोळेही तपासले पाहिजेत. उशर नावाच्या आनुवंशिक विकाराच्या एका प्रकारात पुढे दृष्टीही क्षीण होत जाते, आणि हे आधी कळले तर त्या मुलाचे शिक्षण व भाषा यांची वेळीच तजवीज करता येते. सधनांच्या मुलाला हे सारे खाजगी दवाखान्यात मिळू शकते. गरिबाच्या मुलाच्या वाट्याला कवायतीच्या तासाची छडी येते.

आपणही या बाबतीत निर्दोष नाही. श्रवणयंत्रांसाठी, त्यांच्या बॅटऱ्यांसाठी आपण मोर्चे काढले. हा प्रश्न मात्र आपल्या एकाही निवेदनात आला नाही. आता मागण्या स्पष्ट असाव्यात. बहिरेपणाचे निदान झालेल्या प्रत्येक मुलाच्या तोलाची तपासणी व नोंद सक्तीची करावी. कानाला घातक औषधे द्यावी लागलेल्या बालकांचे कान आणि तोल दोन्ही तपासावेत. प्रत्येक कर्णबधिर शाळेला भौतिकोपचारतज्ज्ञाची सेवा मिळावी, वसतिगृहांच्या जिन्यांत व शौचालयांच्या वाटेवर रात्रभर दिवा असावा, आणि देखरेखीवाचून एकही मूल पाण्यात उतरू नये. प्राथमिक चौकशीचे काम अंगणवाडी सेविका आणि आशा यांच्याकडे द्यायचे असेल, तर त्यासाठी प्रशिक्षण आणि रास्त वेतन द्यावे. मानधनाच्या तुकड्यावर आणखी एक ओझे लादू नये.

कार्यकर्त्यांनी पुढच्या ३ डिसेंबरला आपापल्या तालुक्याच्या मांडवात अवश्य जावे, मुलांचे कौतुक करावे, आणि व्यासपीठावरील मान्यवरांना एकच प्रश्न विचारावा : आज येथे उभ्या असलेल्या मुलांपैकी किती जणांचा तोल आपण तपासला? आकडा मिळेपर्यंत खाली बसू नये.