आरे ते मंत्रालय

आरे वसाहतीच्या सीमेवर मेट्रोच्या गाडीत बसावे, भुईखालून तासाभराचा प्रवास करावा आणि 'विधान भवन' स्थानकावर उतरून थोड्याच वेळात मंत्रालयाच्या दाराशी उभे राहावे, ही गोष्ट २०२५ च्या ऑक्टोबरपासून मुंबईकरास साध्य झाली आहे. ज्या मार्गाच्या कारशेडसाठी २०१९ च्या ऑक्टोबरात आरेमधील २,१४१ झाडे तोडली गेली तोच हा मार्ग होय. तो वाद आज पुन्हा उकरून काढावा असा आमचा हेतू नाही. परंतु आरेच्या रहिवाशाची मंत्रालयापर्यंत जाण्याची सोय झाली याचा आनंद व्यक्त होत असता, मुळात त्याला तेथे जावेच का लागावे, हा साधा प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही.

या प्रश्नाच्या दृष्टीने मंत्रालयाच्या वास्तूचा इतिहास उद्बोधक आहे. मुंबई इलाख्याचा कारभार ओव्हल मैदानासमोरील जुन्या सचिवालयातून चाले. कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांच्या आराखड्याप्रमाणे बांधलेली ती व्हेनिशियन गॉथिक धर्तीची भव्य इमारत १८७४ मध्ये पुरी झाली. आज तेथे दिवाणी व सत्र न्यायालय भरते. सिंधपासून धारवाड-कारवारपर्यंत पसरलेल्या मुलखाचा कागद त्या एका छपराखाली येई. राज्यकर्ता परका होता. त्याला प्रजेजवळ जावयाचे नव्हते, प्रजेनेच अर्ज घेऊन त्याच्याकडे यावे अशी त्याची रीत होती. बंदराजवळ आणि पेढ्यांजवळ बसणे त्याच्या सोयीचे होते. स्वातंत्र्यानंतर १९५५ मध्ये नवे सचिवालय उभे राहिले तेही शहराच्या त्याच दक्षिण टोकाला, जुन्या इमारतीपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनपाशी संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसे गोळीबारात पडली. पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य मिळाले, त्याबरोबर तयार सचिवालयही मिळाले, आणि नवे राज्य जुन्या बैठकीवर बसले.

१९७५ मध्ये शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असता सचिवालयाचे 'मंत्रालय' झाले. लोकशाहीत निर्णय सचिवांनी नव्हे, तर लोकांनी निवडून दिलेल्या मंत्र्यांनी घ्यावयाचे असतात, ही त्यामागील भूमिका निर्दोष होती. आम्ही शाळेत मराठी शिकवीत असता एका चुणचुणीत विद्यार्थ्याने विचारले होते की, मंत्री आणि आलय यांचा संधी केल्यास 'मंत्र्यालय' व्हावयास हवे, मग 'मंत्रालय' कसे? त्याचे बरोबर होते. 'मंत्रालय' हा शब्द मंत्र आणि आलय यांचा आहे, आणि येथे मंत्र म्हणजे मसलत. शब्दाप्रमाणे पाहता ते मंत्र्यांचे घर नसून मसलतीचे घर आहे. असो. नाव बदलले, पण फायलीची वाट बदलली नाही. ती कक्ष अधिकाऱ्याकडून अवर सचिवाकडे, तेथून उपसचिवाकडे, मग सचिवाकडे आणि अखेर मंत्र्यांकडे चढत राहिली. कोणत्याही कर्मचाऱ्याने फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ आपल्यापाशी ठेवू नये, असा कायदा २००५ मध्ये करावा लागला, यावरूनच फायलींचे मुक्काम किती लांबत असतील याची कल्पना येते.

२१ जून २०१२ रोजी या वास्तूस आग लागली. पाच माणसे मृत्युमुखी पडली, वरचे मजले जळाले आणि असंख्य कागद नष्ट झाले. एका शहराच्या एका टोकास सगळ्या राज्याचा कागद साठविण्यात कोणता धोका असतो, हे त्या दिवशी दिसले. पुढे २०१८ च्या जानेवारीत धुळे जिल्ह्यातील धर्मा पाटील या ८४ वर्षांच्या शेतकऱ्याने भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी खेटे घालून अखेर मंत्रालयातच विष घेतले. त्यानंतरच्या महिन्यात इमारतीच्या मधल्या चौकात जाळी ताणण्यात आली. माणसे वरच्या मजल्यांवरून उड्या का घेतात याचे उत्तर शोधण्यापेक्षा जाळी बांधणे सोपे होते. २०२४ च्या ऑक्टोबरात विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनीच काही आदिवासी आमदारांसह त्या जाळीवर उडी घेतली. सभागृहाच्या उपाध्यक्षासही आपले म्हणणे कानी घालण्यासाठी जाळीचा आश्रय घ्यावा लागला, तेथे पाड्यावरच्या माणसाची काय कथा!

आरेतील पाड्यांची स्थिती पाहिली म्हणजे ही कथा नीट समजते. मुंबईच्या गल्लीबोळांतील म्हशींचे तबेले शहराबाहेर न्यावे म्हणून १९४९ मध्ये ही दुग्धवसाहत निघाली आणि ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. म्हशी मालकांच्या, गोठा आणि पाणी सरकारचे आणि दूध सरकारने घ्यावयाचे, अशी ती योजना. ३२ गोठ्यांत मिळून सुमारे १६,००० जनावरे होती. ही योजना ज्यांच्या कर्तृत्वाने उभी राहिली ते दारा खुरोडी यांना १९६३ मध्ये वर्गीस कुरियन व त्रिभुवनदास पटेल यांच्यासमवेत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या पिढीस आरे ठाऊक झाली ती दुधाच्या बाटलीमुळे आणि छोटा काश्मीरच्या सहलीमुळे.

परंतु या सुमारे १,३०० हेक्टरांत वसाहतीच्याही आधीपासून वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे आहेत. केलटीपाडा, खांबाचा पाडा, नवशाचा पाडा ही नावे आमच्या किती वाचकांनी ऐकली असतील? तेथील माणसाने सरकार कोठे शोधावे? जमीन दुग्धविकास खात्याची. त्या खात्याचे मुख्य कार्यकारी अधिकारी आरेतच बसतात, पण आयुक्त वरळीस आणि सचिव मंत्रालयात. जिल्हाधिकारी वांद्र्यास. २०२० नंतर ज्या ८१२ एकरांस राखीव वन ठरविण्याची प्रक्रिया सुरू झाली, तेथे वन खाते. नळ मागावा तर महापालिकेकडे, आणि महापालिकेने नळ द्यावा तर जमीनमालक खात्याची संमती हवी. पाणी, वीज, शौचालय यांसाठी पाड्यांनी वर्षानुवर्षे अर्ज केले ते या चक्रात. कारशेडच्या बाबतीत २०१९ अखेर स्थगिती, २०२० मध्ये कांजूरमार्ग आणि २०२२ मध्ये पुन्हा आरे, असे तीन निर्णय झाले. आरेतील कार्यालयास ते वर्तमानपत्रांतून कळले असल्यास आम्हांस नवल वाटणार नाही.

मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी झाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे त्याची लोकसंख्या ९३ लाखांवर, तर मुंबई शहर जिल्ह्याची ३१ लाखांच्या आत होती. चारांतील तीन मुंबईकर उपनगरांत राहतात. तरीही सरकारला जागा अपुरी पडली तेव्हा त्याची दृष्टी नरिमन पॉइंटपलीकडे गेली नाही. एअर इंडियाची तेवीस मजली इमारत १,६०१ कोटी रुपयांस राज्यास देण्यास केंद्राने मार्च २०२४ मध्ये संमती दिली. भाड्याच्या जागांत विखुरलेली कार्यालये एकत्र येतील आणि भाडे वाचेल, हा हिशेब चुकीचा नाही. मात्र अर्ज घेऊन येणाऱ्याचा एक दिवसाचा रोज बुडतो, तो या हिशेबात कोठेच धरलेला नाही.

आरेच्या जमिनीचे पुढे काय करावे, हा धोरणाचा प्रश्न आहे आणि तो मंत्रिमंडळाने सोडवावा हे आम्हांस मान्य आहे. पाड्यावरच्या घराचे छप्पर बदलावयाचे की नाही, हा मात्र धोरणाचा प्रश्न नव्हे. नळजोडणी, विजेचे मीटर, शौचालय आणि घरदुरुस्ती या चार बाबतींत वर विचारणा न करता संमती देण्याचा अधिकार आरेतील अधिकाऱ्यास लेखी द्यावा, नकार द्यावयाचा असल्यास तो कारणासह द्यावा, आणि यासाठी २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली मुदत जाहीर करावी. तहसीलदार आणि वनाधिकारी यांनीही आठवड्यातून एक दिवस तेथेच बसावे. त्यासाठी नवी इमारत नको. कार्यालय तेथे आहेच. मेट्रोची गाडी उलट दिशेनेही धावते. खात्याच्या सचिवांनी एखाद्या सोमवारी विधान भवन स्थानकावर ती पकडावी आणि या विषयाची पहिली बैठक केलटीपाड्यावर घ्यावी. आरे स्थानकापासून पुढचा रस्ता त्यांना विचारीत जावा लागेल.