वेचणी की ओरबाडणी?

जितके फोटो अधिक, तितका त्यांतून एखादा चांगला निघण्याचा संभव अधिक, हा सिद्धान्त आज अमरावती-अकोल्याच्या लग्नमांडवांपासून शाळांच्या स्नेहसंमेलनांपर्यंत वेदवाक्य होऊन बसला आहे. मला तो साफ नामंजूर आहे.

पूर्वी १२० नंबरच्या रोळात मोठ्या चौकोनी आकाराचे बारा फोटो निघत. ३५ मिलिमीटरच्या रोळात छत्तीस. शाळेच्या ग्रूप-फोटोला छायाचित्रकार दोनदा, फार तर तीनदा कळ दाबी. पण त्याआधी ऊन पाही, उंच पोरांना मागे सारी, एखाद्याची टोपी नीट करी. आज सेकंदाला वीस फोटो घेणारी यंत्रे आली आहेत. आमच्या शाळेच्या गेल्या संमेलनाचे दोन हजारांवर फोटो हाती आले. एका मुलीने आयुष्यात प्रथमच व्यासपीठावर चढून कविता म्हटली. तिचे त्यांत चाळीस फोटो आहेत, आणि चाळीसही फोटोंत तिचे तोंड ध्वनिक्षेपकाआड! तिच्या आईला भिंतीवर लावायला एकच हवा होता. दोन पावले बाजूला सरकण्याचे काम चाळीस वेळा कळ दाबून कसे व्हावे?

"गुरुजी, आता फुकट आहे, मग कंजुषी कशाला?" असे मला विचारतात. रोळाच्या महागाईचे गोडवे मी गात नाही. त्या महागाईपायी कित्येक गरीब घरांत गेलेल्या माणसाचा एकही फोटो उरला नाही; ते दिवस पुन्हा कोणाला हवेत? मल्लखांबावरची उडी टिपायची तर भराभर फोटो घ्यावे लागतात, हेही मान्य. पण कविता म्हणणारी मुलगी काही उडी मारीत नव्हती.

कोणी दादासाहेब फाळक्यांचा दाखला देतील. १९१२ साली त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपून पडद्यावर आणली, आणि पुढच्याच वर्षी 'राजा हरिश्चंद्र' झाला. चौकटी पुष्कळ होत्या खऱ्या. पण रोप वाढेपर्यंत दादासाहेब थांबत होते. आपले यंत्रवीर थांबतात कोठे?

वऱ्हाडात हे कोणाला समजावून सांगावे लागू नये. पऱ्हाटीवरचा सगळा कापूस एका दमात निघत नाही. वेचणारी बाई फुटलेले बोंड घेते, मिटलेले पुढच्या वेचासाठी ठेवते. झाड ओरबाडले तर कापसात पालापाचोळा येतो आणि बाजारात भाव पडतो. दोन हजार फोटोंचा ढीग गिऱ्हाइकापुढे टाकणारा छायाचित्रकार पाल्यासकट कापूस विकतो. वेचण्याचे काम घेणाऱ्याच्या गळ्यात मारतो आणि मजुरी मात्र स्वतः घेतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. संमेलनाचे पन्नास फोटो द्या. त्यांतला प्रत्येक का घेतला, ते सांगता आले पाहिजे. पैसे तेवढेच घ्या, निवडीच्या श्रमाचे थोडे अधिकच घ्या. पण मुलगी कविता म्हणायला उभी राहील, तेव्हा आधी तिच्याकडे बघा.