ड्युप्लिकेट म्हणे!

परवा सातवी तारीख आली. म्हणजे ईमेल आली. सुरुवातीला आमच्या सहनशीलतेचं कौतुक, मध्ये सुट्या भागांच्या टंचाईवर दोन परिच्छेद आणि तळाला नवीन तारीख. परदेशातल्या एका कंपनीकडे मी साडेतीन वर्षांपूर्वी आगाऊ पैसे भरून बसलोय. कशासाठी, तर जुन्या गेम्सचा एक छोटासा डबा मिळावा म्हणून. दिसायला ऐंशीच्या दशकातला, आत आजची चिप, मागे एचडीएमआयचं भोक. किती पैसे भरले ते बायकोला खरं सांगितलेलं नाही, त्यामुळे इथेही सांगत नाही (ती हे वाचते).

एवढ्यावर मी चिडलो नसतो. सहा तारखा गेल्या तेव्हा कुठे चिडलो? पण गणपतीत कडावला गेलो होतो, तेव्हा आईला सहज विचारलं, माळ्यावरचा माझा टीव्ही गेम कुठे आहे गं? ती म्हणाली, "तो होय? तो दिला की भंगारवाल्याला, जुन्या स्टोव्हबरोबर. चार पावसाळे नुसता भिजत पडला होता." माळ्यावर कोपऱ्यात गळतं हे मला ठाऊक होतं. दर वर्षी बघायचो आणि 'पुढच्या खेपेला घेऊन जाऊ' म्हणायचो. म्हणजे साडेतीन वर्षं परदेशातल्या डब्याची वाट बघत होतो, आणि तेवढ्याच काळात घरातला डबा डोक्यावर कुजत होता.

हे मी पुण्याच्या एका मित्राला सांगितलं. मित्र पक्का संग्राहक. त्याच्याकडे काचेचं कपाट आहे, त्यात खोक्यांसकट गेम्स आहेत, आणि त्या खोक्यांवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. तो म्हणाला, "जाऊ दे रे, तसाही ड्युप्लिकेटच होता तो."

हे सगळं लिहितोय ते त्या एका वाक्यामुळे.

तर मंडळी, आधी तो 'ड्युप्लिकेट' काय होता ते सांगतो. १९९६ च्या दिवाळीत मामाने लॅमिंग्टन रोडवरून बाराशे रुपयांना आणला. दोन रिमोट (कंट्रोलर हा शब्द आम्हाला कोणी शिकवला नव्हता), एक बंदूक आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर छापलेलं, ९९,९९,९९९ गेम्स! प्रत्यक्षात पाच-सहा गेम, आणि तेच पुन्हा पुन्हा, एकदा पहिल्या लेव्हलपासून, एकदा तिसऱ्या, एकदा सातव्या. यादी खाली खाली सरकवत जायचं आणि आता तरी नवीन काही येईल म्हणून बघायचं. आम्ही दोघा भावांनी एका सुट्टीत ती यादी शेवटपर्यंत न्यायचा पण केला होता, तो दुसऱ्या दिवशी दिवे गेल्यामुळे मोडला.

आत काय होतं? निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ ला जपानमध्ये फॅमिकॉम नावाचं मशीन काढलं. त्याचा प्रोसेसर, चित्र काढणारी चिप, असे वेगवेगळे भाग होते. पुढे तैवान-चीनकडच्या कारखान्यांनी ते सगळं एकाच तुकड्यात बसवलं आणि वर काळ्या डांबरासारखा एक थेंब टाकून बंद केलं. आमच्या डब्यात तो काळा थेंबच होता. कॅसेटला साठ पिना, जपानी फॅमिकॉमसारख्या. अमेरिकेतल्या मशीनच्या कॅसेटला बहात्तर. म्हणजे माझ्या मित्राच्या कपाटातली 'ओरिजिनल' अमेरिकन कॅसेट माझ्या डब्यात शिरलीच नसती. एकाच गावच्या दोन बोली म्हणा.

आणि हा डबा एकटा नव्हता. मीडिया, समुराई, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांचे डबे त्या दशकात महाराष्ट्रातल्या किती घरांत होते ते ज्याचं त्याला आठवेल. टीव्हीच्या मागे अँटेनाची वायर काढून याची लावायची, आणि मग चॅनल जुळवत बसायचं. मुंग्यांतून हळूहळू मारिओ यायचा. पप्पांचं ठाम मत होतं की गेम खेळल्याने पिक्चर ट्यूब जाते. त्यामुळे बातम्या सुरू व्हायच्या आधी वायर पुन्हा जागेवर आणि टीव्हीच्या पाठीवर ओला फडका, गरम लागू नये म्हणून. (ट्यूब शेवटी गेली, पण ती विजेच्या कडकडाटात. तरी नाव आमचंच.)

आता ओरिजिनलवाल्यांना माझा साधा प्रश्न आहे. ओरिजिनल होतं कुठे? सेगाचं मेगा ड्राइव्ह भारतात अधिकृतपणे आलं १९९५ मध्ये, शॉ वॉलेसमार्फत. हो, तीच शॉ वॉलेस, दारूवाली. आयातीवर ऐंशी टक्के जकात होती, त्यातून वाट काढायला ही भागीदारी. आणि किंमत? अठरा हजार रुपये. १९९५ चे अठरा हजार! कडावात त्या वर्षी अठरा हजारांत काय काय आलं असतं त्याचा हिशेब भातशेती करणाऱ्या कोणालाही विचारा. त्यामुळे आमच्यापुढे ओरिजिनल की ड्युप्लिकेट असा प्रश्न कधीच नव्हता. ड्युप्लिकेट किंवा काहीच नाही, एवढाच होता.

बरं, आपल्याकडे परवाना घेऊन बनवलेलं काहीच नव्हतं असंही नाही. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये ब्रिटनच्या झेडएक्स स्पेक्ट्रम प्लसची भारतीय आवृत्ती रीतसर परवान्यासह काढली, नाव डीबी स्पेक्ट्रम प्लस. गेम गाण्याच्या कॅसेटवरून चढवायचा. टेपरेकॉर्डर लावून ती किरकिर ऐकत बसायचं, आणि शेवटच्या क्षणी चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. काही हजार विकले गेले आणि १९९० च्या सुमाराला ते मार्केटच आटलं. माझ्या मित्राचं घर पुण्यात. त्याच्या कपाटात जपान आहे, अमेरिका आहे, पुणं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "त्याला रिसेल व्हॅल्यू नाही."

इथे माझं डोकं सटकलं. आठवण म्हणून जे विकत घेतोय, ती आठवण मुळात कोणाची आहे हे कोणी बघणार की नाही?

निन्टेन्डोने नोव्हेंबर २०१६ मध्ये छोटा एनईएस काढला. त्यात तीस गेम. त्याची रिमोटची वायर एवढी आखूड की टीव्हीला चिकटून बसावं लागे. लोकांनी रांगा लावल्या, आणि एप्रिल २०१७ मध्ये कंपनीने तो बंदही करून टाकला, २०१८ मध्ये पुन्हा आणला. सोनीने डिसेंबर २०१८ मध्ये छोटा प्लेस्टेशन काढला, वीस गेम, शंभर डॉलर. आत काय निघालं, तर हौशी लोकांनी फुकट लिहिलेला एम्युलेटर. सेगाचा छोटा मेगा ड्राइव्ह २०१८ चा २०१९ च्या सप्टेंबरात गेला, पण निदान नीट करून आला. वाईट वस्तू नाहीत या. पण यातली एकही माझी आठवण नाही. माझ्या आठवणीत नव्याण्णव लाखांची खोटी यादी आहे, जी कुठल्याच कंपनीचा वकील छापू देणार नाही. माझ्या आठवणीत बदकांवर झाडायची बंदूक आहे. ती बंदूक जुन्या ट्यूबच्या टीव्हीवरच चालते: घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड टिपतो. सपाट टीव्हीवर तो उजेड वेळेवर येतच नाही. म्हणून छोट्या डब्याबरोबर बंदूकच नसते.

आणि मुस्तफा? कर्जत स्टेशनबाहेर एका गाळ्यात तीन मशीन होती, एक रुपयाला एक कॉइन. त्यातल्या एकावर कायम गर्दी. कॅपकॉमचा १९९३ चा गेम, खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण पिवळी टोपीवाल्या मुस्तफामुळे आम्ही त्या गेमलाच मुस्तफा म्हणायचो. मुंबईला म्हणायचे, नागपूरला म्हणायचे, दिल्लीलाही म्हणायचे. इथल्या एका अख्ख्या पिढीचा सगळ्यात लाडका गेम हा. तो एका अमेरिकन कॉमिकवर बेतलेला, त्यामुळे हक्कांचा गुंता. कॅपकॉमने २०१८ मध्ये आपल्या जुन्या मारामारीच्या गेम्सचा गठ्ठा काढला, त्यात तो नव्हता. म्हणजे आमचं बालपण मिळायचं असेल तर आजही ते ड्युप्लिकेटमध्येच मिळणार. काय करता!

आता वाट बघण्याबद्दल. उशीर हा काही गुन्हा नाही, हे आधीच कबूल करतो. झेडएक्स स्पेक्ट्रम नेक्स्ट नावाच्या मशीनसाठी २०१७ मध्ये लोकांनी पैसे दिले. मूळ स्पेक्ट्रमची ठेवण करणारे रिक डिकिन्सन याही कामावर होते, ते एप्रिल २०१८ मध्ये वारले. मशीन ठरल्यापेक्षा दोन वर्षं उशिरा, २०२० मध्ये लोकांच्या हातात पडलं, आणि ज्यांच्या हातात पडलं ते खूष आहेत. पण त्याच स्पेक्ट्रमच्या नावावर २०१६ मध्ये वेगा प्लस नावाच्या खिशातल्या मशीनसाठी पाच लाख पौंडांहून जास्त गोळा झाले. दोन वर्षांनी थोड्या लोकांना काहीतरी अर्धकच्चं मिळालं आणि २०१९ मध्ये कंपनी गुंडाळली गेली. इन्टेलिव्हिजन अमिको १० ऑक्टोबर २०२० ला येणार होतं. तारीख छान, १०-१०-२०२०, पंचांग बघून काढल्यासारखी. मशीन काही आलं नाही. आणि कोलेको कॅमेलियनची तर कमाल. २०१६ मध्ये कंपनीने पारदर्शक डब्यातला नमुना म्हणून फोटो दाखवला, आणि लोकांनी ओळखलं की आतली पाटी ही कॉम्प्युटरमध्ये व्हिडिओ टिपायचं जुनं कार्ड आहे.

हसू नका. ते कार्ड ओळखणारे लोक आणि पैसे भरणारे लोक एकाच जातीचे. आम्हाला आतलं सगळं कळतं आणि तरी आम्ही भरतो. कारण आम्ही डबा विकत घेतच नाही. डबा येणार आहे ही भावना विकत घेतो. दिवाळीच्या आधी मामा येणार म्हणून कडावच्या नाक्यावर एसटीची वाट बघत उभं राहायचो, ती. कंपन्यांनी हे बरोबर ओळखलंय. डबा आला की ती भावना संपते, तारीख पुढे गेली की टिकते. माझे छोटे डबे दोन आहेत, आले त्या रविवारी खेळलो, आता कुठल्या खणात आहेत ते आठवावं लागेल.

एक मुद्दा मित्राचा खरा आहे, तो टाळत नाही. ती चोरीच होती. ज्यांनी ते गेम बनवले त्यांना आमच्या बाराशेतला एक पैसा गेला नाही. बरोबर. पण चोरीचा म्हणून तो इतिहासातून काढायचा असेल, तर मग आमच्या पिढीचा गेम्सचा इतिहासच उरत नाही, आणि जो उरतो तो अमेरिकेतल्या एखाद्या मुलाचा. त्याचं कपाट आपण पुण्यात का सजवायचं? ज्या वस्तूला भंगारवाल्याने पंधरा रुपयेसुद्धा वेगळे लावले नाहीत, स्टोव्हच्या वजनात धरली, ती कोणीच जपत नाहीये. त्या काळ्या थेंबाखालची चिप गेली की दुरुस्त होत नाही. खोक्यातल्या ओरिजिनलची काळजी घ्यायला जगभर म्युझियमं आहेत.

असो. कंपनीला पैसे परत मागणारी ईमेल पाठवली. उत्तरात नवीन तारीख आली.

गेल्या रविवारी कर्जतला गेलो. आमच्या लहानपणी कॅसेट दुरुस्त करून देणारे काका अजून दुकानात बसतात, आता मिक्सर आणि मोबाइल चार्जर करतात. आम्ही कॅसेटमध्ये फुंकर मारायचो म्हणून ते ओरडायचे. थुंकीने पिना गंजतात, खोडरबर फिरवा म्हणायचे. मी विचारलं, जुनं काही आहे का? त्यांनी पोटमाळ्यावरून एक सिमेंटची गोणी ओढून काढली. आत तीसेक कॅसेट, दोन बंदुका, आणि एक डबा, झाकण नसलेला. पाचशे म्हणाले, मी घासाघीस न करता दिले, तर तेच गोंधळले.

आता ट्यूबचा टीव्ही हवा होता. कशेळ्याच्या आत्याकडे आहे, बंद नाही, नुसता झाकून ठेवलेला. फोन केला. ती म्हणाली, "घेऊन जा, पण त्याच्यावर माझी तुळशीच्या बियांची ताटं वाळत आहेत, ती वाळू देत आधी." कधी वाळतील विचारलं तर म्हणाली, उन्हावर आहे.