खंडपीठानंतरची वकिली

वकिलांच्या बाररूमबाहेर टांगलेला सूचनाफलक सहसा पक्षकार वाचीत नाहीत. त्यावर वार्षिक निवडणुकीचे वेळापत्रक असते, वर्गणी भरण्याची अखेरची तारीख असते, 3 डिसेंबरच्या वकील दिनाचा कार्यक्रम असतो, एखाद्या निवृत्त न्यायाधीशांचे व्याख्यान असते, क्रिकेटचे सामने असतात, आणि मधूनच दिवंगत सभासदास श्रद्धांजली वाहण्यासाठी बोलावलेल्या सभेची चार ओळींची सूचना असते. ही त्या त्या संस्थेची घरगुती बाब होय व तीत वृत्तपत्राने लक्ष घालण्याचे कारण नाही, असे आजवर आमचेही मत होते. परंतु 18 ऑगस्ट 2025 रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले आणि हे मत आम्हांस बदलावे लागले. त्या दिवसापासून या नगरीतील वकिलांच्या सूचनाफलकावर काय लागते आणि काय लागत नाही, हा कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहाही जिल्ह्यांतील जनतेच्या हिताचा प्रश्न झाला आहे.

हे खंडपीठ कोणी दान म्हणून दिलेले नाही. त्यामागे चाळीसहून अधिक वर्षांचा लढा आहे आणि त्या लढ्याचा भार मुख्यत्वेकरून वकीलवर्गाने वाहिला, हे कृतज्ञतापूर्वक नमूद केले पाहिजे. कोल्हापूर संस्थानास एके काळी स्वतःचे उच्च न्यायालय होते. 1 मार्च 1949 रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि येथील पक्षकाराला वरच्या न्यायासाठी मुंबईची वाट धरावी लागली. ती वाट कशी होती, हे ज्यांनी तुडविली त्यांनाच ठाऊक. चंदगडचा शेतकरी आदल्या दिवशी दुपारी घर सोडी, महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्र बसून काढी, सकाळी फोर्टात ओळखीच्या कोणाकडे तोंड धुवून न्यायालयाच्या पायऱ्यांशी उभा राही, आणि सायंकाळी त्याला कळे की आज आपले प्रकरण बोर्डावर पुकारलेच गेले नाही. पुढची तारीख घेऊन तो पुन्हा तीच गाडी पकडी. देवगड वा सावंतवाडीच्या माणसाची कथा याहून वेगळी नव्हती. असे कितीतरी लोक अपील करण्याचा विचारच सोडून देत. खालच्या न्यायालयाचा निकाल त्यांना मान्य होता म्हणून ते गप्प बसले असे नव्हे. वर जाण्याची ऐपत नव्हती, इतकेच. न्याय नाकारण्यासाठी कायदाच करावा लागतो असे नाही. पावणेचारशे किलोमीटरचे अंतर तेच काम निमूटपणे करते.

1 ऑगस्ट 2025 रोजी तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे यांच्या आदेशाची अधिसूचना निघाली, 17 ऑगस्टला तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झाले, आणि भाऊसिंगजी रस्त्यावरील जुन्या न्यायालयाच्या इमारतीत एक द्विसदस्य पीठ व दोन एकसदस्य पीठे, अशा चार न्यायमूर्तींनिशी कामकाजास प्रारंभ झाला. त्या वेळी नगरीत जो आनंदोत्सव झाला तो यथार्थच होता. हारतुरे झाले, मिरवणुका झाल्या, सत्कार झाले. सत्काराला आमचा विरोध नाही. कोल्हापुरात सत्कारावाचून कोणतेच कार्य तडीस जात नाही, हे आम्ही जाणतो. परंतु सत्कार समारंभांची यादी आणि वकीलवर्गाच्या पुढील कार्याची यादी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, याचे भान सुटता कामा नये.

येथे कायद्यातील एक बारकावा वाचकांनी ध्यानी घ्यावा. राज्य पुनर्रचना अधिनियम, 1956 च्या कलम 51 मध्ये दोन वाटा सांगितल्या आहेत. पोटकलम 2 अन्वये राष्ट्रपती राज्यपालांशी व मुख्य न्यायमूर्तींशी विचारविनिमय करून कायम खंडपीठ स्थापन करू शकतात. पोटकलम 3 अन्वये मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या संमतीने अन्य ठिकाणी न्यायमूर्तींची बैठक भरवू शकतात. कोल्हापुरास खंडपीठ आले ते या दुसऱ्या वाटेने. औरंगाबादेसही (आता छत्रपती संभाजीनगर) 27 ऑगस्ट 1981 रोजी ते असेच आले होते; त्या आदेशाविरुद्धचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, 1982 साली मुख्य न्यायमूर्तींचा अधिकार तेथे मान्य झाला, आणि 1984 साली तेथील खंडपीठ कायम झाले. अर्थात फिरते खंडपीठ हा पहिला मुक्काम आहे. पुढचा मुक्काम गाठावयाचा तर येथे किती प्रकरणे दाखल झाली, किती निकालात निघाली, वकील किती तयारीने उभे राहिले, किती वेळा तहकुबी मागितली गेली, याचा हिशेब कोणीतरी मांडणारच. त्या हिशेबाच्या वहीत उद्घाटनाच्या दिवशीचे फटाके धरले जाणार नाहीत.

आणि म्हणूनच ज्या एका गोष्टीचा उल्लेख या घटकेला अनेकांना अप्रिय वाटेल, ती आम्ही प्रथम बोलतो. खंडपीठाच्या मागणीसाठी या सहा जिल्ह्यांतील वकील अनेकवार न्यायालयीन कामकाजापासून अलिप्त राहिले. त्या काळी या नगरीने ते सहन केले, बहुतेकांनी पाठिंबाही दिला; त्या पाठिंब्यात आमचाही वाटा होता. परंतु त्या दिवसांत ज्यांचे जामीनअर्ज पडून राहिले, ज्यांच्या पोटगीच्या तारखा पुढे गेल्या, त्यांनी आपल्या मागणीची किंमत आपणहून ठरविलेली नव्हती. कॅप्टन हरीश उप्पल यांच्या प्रकरणात 17 डिसेंबर 2002 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना संपाचा वा बहिष्काराचा अधिकार नाही असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. वकीलवर्गाची अथवा न्यायासनाची प्रतिष्ठा व स्वातंत्र्य पणास लागले असेल अशा अत्यंत विरळा प्रसंगी एका दिवसाहून अधिक नसलेल्या निषेधाकडे न्यायालये कानाडोळा करतील, एवढीच सवड त्या निकालाने ठेवली. तरीही लाल फितीचे आणि ठरावाचे शस्त्र हाताशी आहे म्हणून ते कोणत्याही कारणास्तव उपसण्याची सवय देशभर टिकून आहे. ज्या हाताने आपण खंडपीठ मागितले त्याच हाताने त्याचे दार एक दिवस जरी बंद केले, तर कायम खंडपीठाच्या विरोधकांस आयते कोलीत मिळेल. वकील संघटनेच्या वार्षिक सभेत हा निर्धार ठरावाच्या रूपाने लेखी नोंदला जावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

आता शिक्षणाकडे वळू. जिल्हा न्यायालयातील वकिली व उच्च न्यायालयातील वकिली यांत केवळ इमारतीचा फरक नसतो. तीस वर्षे दिवाणी दावे चालविणाऱ्या अनुभवी वकिलास साक्षीपुरावा तोंडपाठ असतो. कोणत्या साक्षीदाराची उलटतपासणी कोठे गडबडली हे तो झोपेतूनही सांगेल. परंतु दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 खालील द्वितीय अपिलात या कौशल्याचा उपयोग फारसा नाही. तेथे कायद्याचा सारभूत प्रश्न कोणता, हे दोन-चार वाक्यांत मांडता आले पाहिजे. ते न जमल्यास अपील दाखल करून घेण्याच्या टप्प्यावरच संपते आणि पक्षकाराची तीन पिढ्यांची जमीन त्याबरोबर जाते. घटनेच्या अनुच्छेद 226 व 227 खालील अर्जांचे मसुदे हेही निराळेच शास्त्र आहे. शिवाय भाषा! खालच्या न्यायालयात मराठीत युक्तिवाद करणे सर्वस्वी शक्य आहे. उच्च न्यायालयाची भाषा अनुच्छेद 348 अन्वये इंग्रजी आहे. मराठीचा आमचा अभिमान कोणाहून उणा नाही, परंतु जोवर घटनेतील तरतूद अशी आहे तोवर गडहिंग्लज वा कुडाळच्या तरुण वकिलास इंग्रजी मसुद्याची तालीम मिळाली नाही, तर पक्षकार पूर्वीप्रमाणे मुंबईच्याच वकिलाकडे जाणार. फरक इतकाच, की पूर्वी पक्षकार गाडीने तिकडे जात असे, आता मुंबईचा वकील इकडे येईल, व त्याच्या येण्याजाण्याचा खर्च पक्षकाराच्याच खिशातून निघेल. मग अंतर कोणाचे कमी झाले?

म्हणून वकील संघटनेच्या येत्या वर्षाच्या कार्यक्रमपत्रिकेत व्याख्याने थोडी आणि वर्ग अधिक असावेत. 1 जुलै 2024 पासून नव्या फौजदारी संहिता अमलात आल्या तेव्हा त्यांवर ठिकठिकाणी व्याख्याने झाली. ती उपयुक्तही होती. परंतु व्याख्यान ऐकून मसुदा लिहिता येत नाही. आठवड्यातून एक सायंकाळ, वीस-पंचवीस तरुण वकील, समोर एक खरे निकालपत्र, आणि ‘यांतून द्वितीय अपिलाचा प्रश्न काढा’ असे सांगून त्यांच्या कच्च्या मसुद्यावर लाल शाई चालविणारा एखादा जाणता ज्येष्ठ, एवढेच भांडवल पुरे आहे. त्यास शासनाचे अनुदान लागत नाही. ग्रंथालय मात्र लागते, आणि ते सायंकाळी उघडे राहावे लागते.

पण तो तरुण वकील सायंकाळी सहा वाजता तेथे बसेल कशाच्या बळावर? हा प्रश्न शिष्टाचारापोटी कोणी विचारीत नाही. सनद मिळाल्यानंतरची पहिली तीन-चार वर्षे ज्युनिअरने ज्येष्ठांच्या कचेरीत फायली वाहाव्या, तारखा घ्याव्या, आणि ‘शिकायला मिळते’ यातच समाधान मानावे, ही परंपरा आहे. ज्याच्या घरी शेती, दुकान किंवा वडिलांची चालू वकिली आहे त्याला ही परंपरा परवडते. ज्याच्या घरी यांपैकी काहीच नाही तो हुशार असूनही दोन वर्षांत एखाद्या बँकेत किंवा विमा कंपनीत चिकटतो. भारतीय बार कौन्सिलने ऑक्टोबर 2024 मध्ये परिपत्रक काढून ज्युनिअर वकिलांस शहरी भागात दरमहा किमान 20,000 व ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. शिफारस ही शिफारसच असते. तिची सक्ती नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी प्रत्येक ज्येष्ठाला ही रक्कम देता येईल असेही आम्ही म्हणत नाही. परंतु खंडपीठामुळे ज्यांची फी वाढली आहे, त्यांनी वाढीचा काही अंश आपल्या कचेरीतील पोरांपर्यंत पोहोचवावा, ही अपेक्षा अवास्तव खास नव्हे. ज्या करवीर राज्यात शाहू छत्रपतींनी अस्पृश्य मानलेल्या समाजातील माणसांस वकिलीच्या सनदा देऊन तो व्यवसाय सर्वांसाठी खुला केला, तेथे घरची ऐपत हीच वकिलीची खरी सनद ठरू लागली, तर शाहूंची जयंती साजरी करताना आपणांस थोडे अडखळावयास हवे.

स्त्री वकिलांविषयी थोडक्यात एवढेच. सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये आपल्याच आवारातील वकील संघटनेच्या कार्यकारिणीत महिलांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखून ठेवावयास लावल्या. असा आदेश येण्याची वाट न पाहता जिल्ह्याच्या संघटनांनी तो पायंडा पाडावा. महिला प्रतिनिधी म्हणून एक जागा आणि व्यासपीठावर पाहुण्यांना गुच्छ देण्याचे काम, एवढ्यावर तो प्रश्न मिटत नाही.

सर्वांत मागे राहिलेला, पण आमच्या दृष्टीने सर्वांत पुढे यावयास हवा असा विषय मोफत विधिसाहाय्याचा आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम 12 अन्वये स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, कोठडीतील बंदी आदींना विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि तो उच्च न्यायालयातही आहे. कळंबा कारागृहातील एखाद्या निर्धन बंद्याचे अपील आता त्याच गावात, काही किलोमीटरवर चालू शकते. त्याचा वकील मनात आणील तर सुनावणीच्या आदल्या दिवशी त्याला जाऊन भेटू शकतो. मुंबईत अपील चालत असता हे जवळपास अशक्यप्राय होते. खंडपीठाचा याहून मोठा लाभ आम्हांस दिसत नाही. परंतु विधिसाहाय्याच्या यादीवर आपले नाव घालण्यास जर केवळ नवखे वकीलच पुढे येणार असतील, आणि नामवंत मंडळी ‘वेळ नाही’ म्हणून बाजूस राहणार असतील, तर गरिबाच्या वाट्याला शिकाऊ हात आणि श्रीमंताच्या वाट्याला सराईत हात, ही जुनीच वाटणी नव्या इमारतीत चालू राहील. प्रत्येक ज्येष्ठ वकिलाने वर्षाकाठी अशी दोन अपिले स्वतः उभे राहून चालवावीत. दोनच.

संघटनेच्या वार्षिक निवडणुकीत उमेदवार पॅनेल बांधतात, पत्रके वाटतात, स्नेहभोजने घालतात. यापुढे मत मागावयास येणाऱ्या उमेदवाराला सभासदांनी तीन प्रश्न विचारावेत: ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडे ठेवणार, मसुद्याचा वर्ग कोणत्या वारी घेणार, आणि विधिसाहाय्याच्या यादीवर तुमचे स्वतःचे नाव आहे काय. मिळालेली उत्तरे बाररूमबाहेरच्या त्याच फलकावर लावावीत. पक्षकारही ती वाचतील.