स्वस्त कोटेशन कोणाला महाग पडतं?

भाड्याने दिलेल्या घरातला जुना एसी आणि गीझर बदलायचा म्हटलं की घरमालक तीन ठिकाणांहून कोटेशन मागवतो आणि सर्वांत कमी आकड्यावर बोट ठेवतो. माझ्याकडेही सध्या अशी तीन कोटेशनं आहेत. ती शेजारी ठेवून वाचल्यावर माझं मत पक्कं झालं : मालकाची बचत पुष्कळदा भाडेकरूच्या खिशातून होते.

हिशेब साधा आहे. यंत्राचे पैसे मालक देतो, वीजबिल भाडेकरू भरतो. एसीच्या स्टार लेबलवर वर्षाला 1600 तासांच्या वापराला किती युनिट लागतील, हे छापलेलं असतं. समजा, दीड टनाच्या दोन एसींमध्ये 250 युनिटचा फरक आहे. युनिटला 10 रुपये धरले तर वर्षाला 2,500 आणि आठ वर्षांत 20,000 रुपये. मालकाने वाचवलेले सात-आठ हजार असे दुसऱ्याच्या बिलात चढतात. ‘भाडेकरू अकरा महिन्यांनी जाणारच की,’ असं काही जण म्हणतात. तो जाईल, पण बिल भरायला दुसरा येईल.

शिवाय तीन आकडे एकाच कामाचे नसतात. एकाने नुसतं ‘एसी फिटिंगसह’ लिहिलंय. दुसऱ्याने तांब्याचा पाइप किती फूट, वायर, स्टँड, ड्रेन पाइप असं सगळं मांडलंय. तिसऱ्याने ‘जादा पाइप लागेल तसा’ म्हणून मोकळं सोडलंय. आउटडोअर युनिट गच्चीवर न्यायचं असेल तर हा ‘लागेल तसा’ बराच लांबतो. व्हॅक्यूम पंप लावणार का, हे तर एकानेच लिहिलंय. तो न लावता गॅस सोडूनच पाइपमधली हवा काढली तर ओलावा आत राहू शकतो आणि पुढे कॉम्प्रेसर त्रास देतो. व्यवहारातल्या अशा संदिग्धतेला फिकहमध्ये ‘गरर’ म्हणतात आणि ती निषिद्ध मानली आहे. माप कमी देणाऱ्याला कुराणात सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये कडक ताकीद आहे. ती फक्त तराजूवाल्यासाठी आहे असं समजायचं कारण नाही. ‘बिल नको असेल तर आणखी कमी करतो’ हेही त्यातलंच. कर बुडतो आणि वॉरंटी मागायला हातात कागद राहत नाही.

सर्वांत गंभीर बाब गीझरची आहे. सर्वांत स्वस्त कोटेशनमध्ये बाथरूममध्येच गॅस गीझर सुचवलाय, कारण विजेच्या गीझरला नवी वायर आणि अर्थिंग करावं लागेल. बंद बाथरूममध्ये जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. आंघोळ करणाऱ्याला कळायच्या आत शुद्ध हरपते. आपल्या लेकरांच्या बाथरूममध्ये आपण जे बसवणार नाही, ते भाडेकरूच्या लेकरांसाठी कसं चालेल?

मुसलमान कुटुंबाला भाड्याने घर मिळवताना काय काय ऐकावं लागतं, हे आपल्याला सांगायला नको. मुश्किलीने घर मिळालेला माणूस तक्रार करत नाही. बिल जास्त आलं तर पंखा लावून झोपतो. मालक आपल्यातलाच असेल आणि तोच या गप्प बसण्याचा फायदा घेत असेल, तर बाहेरच्यांना नावं ठेवण्यात काय अर्थ? ‘इजारा’च्या नियमांत वस्तू वापरण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी मालकावर आहे. भाडं त्याचंच तर घेतो आपण.

म्हणून तिघांनाही एकच यादी द्यावी : लेबलवरचे युनिट, पाइपचे फूट आणि जादा फुटाचा दर, व्हॅक्यूम, अर्थिंग, वॉरंटी, पक्कं बिल. आलेले कागद भाडेकरूलाही दाखवावेत. त्याच्यासमोर वाचायला संकोच वाटेल, ते कोटेशन बाजूला ठेवावं. मी गॅस गीझरचं कोटेशन बाजूला ठेवलंय. उरलेल्या दोघांकडे यादी पाठवलीय.